परवान्याची कनात

बुलढाण्याच्या उत्पादन शुल्क कचेरीत तेजरावांची ख्याती मोठी विचित्र होती. जिल्ह्यात एवढ्या पार्ट्या देणारा दुसरा माणूस नाही, असं तिथल्या मंडळींचं प्रामाणिक मत होतं. एका दिवसाच्या दारूच्या परवान्यासाठी लोक आयुष्यात एकदा, फार तर दोनदा अर्ज करतात. तेजराव लग्नसराईत सारखे हजर. अर्जदार तेच, जबाबदार इसम तेच, खाली सहीही त्यांचीच. तिथल्या एका मॅडमनी एकदा न राहवून विचारलं, ‘काका, तब्येतीला जपता ना?’ तेजरावांनी गळ्यातली तुळशीची माळ शर्टाच्या आत सारली आणि म्हणाले, ‘हाव बाई, जपतो.’

खरं सांगितलं असतं तरी त्यांना पटलं नसतं. या माणसाने जन्मात दारूचा थेंब तोंडात घातलेला नव्हता. थेंब कशाला, खोकल्याच्या औषधाचं झाकण उघडून आधी वास घ्यायचे आणि शंका आली की बाटली घेऊन माझ्याकडे यायचे. याच्यात तसलं काही नाही ना, एवढं मी सांगायचं. मी गुरांचा डॉक्टर. माझ्या कपाटातली औषधं त्याहून कितीतरी उग्र होती. पण तेजरावांच्या लेखी डॉक्टर तो डॉक्टर, मग तो बैलाचा असो की माणसाचा.

गाव मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाणाऱ्या रस्त्याला, फाट्यापासून थोडं आत. तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी नेमणूक झाली आणि तेजरावांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. मी साताऱ्याकडचा. पहिले काही दिवस ‘मले’ आणि ‘तुले’ ऐकून मला हसू यायचं आणि माझं बोलणं ऐकून ते सगळे हसायचे, त्यामुळे हिशेब बरोबर होता. घराच्या मागे मोठं आवार होतं आणि त्यात तेजरावांचं बिछायत केंद्र. बांबू, कनाती, गाद्या, लोड, भल्यामोठ्या कढया, एक खोकणारा जनरेटर. पंचक्रोशीतलं लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, मंडप तेजरावांचाच.

दोर दिसला की त्यांचा हात तिकडे जायचा. दुसऱ्याने मारलेली गाठ त्यांना बघवत नसे. एकदा मी एका मारक्या बैलाला खोड्यात बांधून इंजेक्शनची तयारी करत होतो, तर हे कुठूनसे आले, माझी गाठ सोडली आणि स्वतःची मारली. बैलाने तेवढ्यात मला चिखलात लोळवलं. मी उठून कपडे झटकतोय आणि हे शांतपणे मला समजावून सांगतायत की गाठ कशी पाहिजे, ताण आला तर घट्ट व्हायला पाहिजे आणि आपण म्हणू तेव्हा एका हाताने सुटली पाहिजे. बैलालाही बहुधा ते पटलं असावं, कारण नंतर तो गुपचूप उभा राहिला.

मी गेलो तेव्हा तेजराव प्रसिद्ध होते ते त्यांच्या नाकासाठी. लग्नात मंडपाच्या तोंडाशी पांढरं धोतर, पांढरा शर्ट घालून ते हातात गुलाबदाणी घेऊन उभे राहायचे. येणाऱ्यावर गुलाबपाणी शिंपडायचं आणि त्या निमित्ताने पुढे वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. पिऊन आलेला माणूस त्यांच्या मंडपाखाली पाय ठेवू शकत नसे, मग तो कोणीही असो. कोणी हुज्जत घातली तर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं, ‘दोर सोडून देईन.’ आणि एकदा खरोखरच सोडला. एका लग्नात नवरीचा मामा झुलत झुलत आत शिरला आणि ऐकेना. तेजरावांनी कोपऱ्यातला दोर ओढला, तसा मंडपाचा एक भाग जेवणाऱ्या पंगतीच्या डोक्यावर आला. बायाबापड्या बुंदी हातात घेऊन पळाल्या. शेवटी मामाला टेम्पोत बसवून ठेवलं, तेव्हा मंडप पुन्हा वर गेला. ही हकीकत मला निदान दहा जणांनी सांगितली आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मामा जास्तच प्यालेला होता.

गावाला त्यांचं कौतुक होतं आणि भीतीही होती. त्या भीतीचं पोरांनी जे केलं, ते मात्र तेजरावांच्या कधी ध्यानात आलं नाही. त्या भागात बापासमोर, काकासमोर कोणी पीत नाही. चोरून प्यायची, लांब जाऊन प्यायची, आणि याला सगळे मान ठेवणं म्हणतात. पोरगा जितका घरंदाज, तितका तो पिण्यासाठी लांब जाणार. हळदीच्या दिवशी दुपारनंतर मोटरसायकली निघायच्या त्या कोणाच्या तरी मळ्यात, धरणाच्या पलीकडे, जिथे ओळखीचं म्हातारं माणूस भेटणार नाही अशा ठिकाणी. अंधार पडता पडता परतायच्या, गाडी चालवणाऱ्याच्या तोंडाला दस्ती, म्हणजे रुमाल, बांधलेली. तेजरावांच्या मंडपात वास येत नसे, एवढं खरं.

गोपाल त्यांचा एकुलता एक मुलगा. मंडपाचं सामान वाहणारा टेम्पो तोच चालवायचा. सतत हसतमुख. बापाला चिडवायची हिंमत गावात त्याच्या एकट्यात होती. ‘बाबा, तुमचं नाक सरकारजमा केलं पाह्यजे,’ असं तो म्हणायचा आणि तेजराव रागावल्यासारखं करून मिशीत हसायचे. मळ्याकडून येताना माझ्यासाठी सीताफळं आणायचा आणि ओट्यावर ठेवून निघून जायचा, आभार मानायलाही सापडायचा नाही. मित्रांबरोबर कधीमधी तोही प्यायचा. हे माझ्यासकट सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त त्याच्या बापाला नव्हतं.

एका उन्हाळ्यात त्याच्या मित्राच्या हळदीला पोरं अशीच गेली. मंडप तेजरावांचा होता आणि ते नेहमीप्रमाणे दारात उभे होते. दिवेलागणीच्या सुमाराला कोणीतरी धावत आलं. गोपालची मोटरसायकल कालव्याच्या रस्त्यावर मोरीच्या पुलावरून खाली गेली होती. कालवा कोरडा होता, खाली नुसते दगड. मेहकरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकीकडे अंत्ययात्रा आणि दुसरीकडे लग्न. मुलीकडचे आलेले, मुहूर्त ठरलेला. मंडप उतरवायचा का, असं विचारायला स्मशानात दोन माणसं आली आणि न विचारताच उभी राहिली. तेजरावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मंडप काढू नका. लग्न होऊ द्या.’ त्या लग्नात वाजंत्री वाजली नाही. मंगलाष्टकं दबक्या आवाजात झाली. मी अक्षता टाकायला गेलो नाही, मला जाववलं नाही.

पुढे कित्येक महिने तेजराव बोलायचेच नाहीत. आवारात कढया उलट्या पडलेल्या, बांबूंवर धूळ. सकाळी ते एका लोडावर बसायचे आणि दुपारी मी दवाखान्यातून जेवायला यायचो तेव्हा तिथेच असायचे. अनसूयाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ताट आणून ठेवायच्या आणि परत घेऊन जायच्या. त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी त्या काळात ऐकलं नाही. त्या घरात राहणं मला जड जात होतं आणि सोडून जाणं त्याहून जड.

मग एके दिवशी मी खात्याच्या बैठकीसाठी बुलढाण्याला निघालो असताना तेजराव धुतलेलं धोतर नेसून माझ्या गाडीपाशी उभे. मी पण येतो म्हणाले. कुठे जायचंय, ते सांगितलं नाही. बुलढाण्याला उतरल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं की दारूचा परवाना देतात ते ऑफिस कुठे. मला वाटलं, कोणाच्या दुकानाची तक्रार करायची असेल. बैठक संपवून त्यांना घ्यायला गेलो तर हे बाकावर बसून एका शिपायाकडून समजून घेत होते, की लग्नाच्या जागी एका दिवसासाठी परवाना काढायचा तर काय काय लागतं.

परतताना चिखलीला चहाला थांबलो. चहा आला. तेजरावांनी कपाला हात लावला नाही. मी काही विचारलं नव्हतं, तरी ते आपणहून बोलायला लागले.

‘डाक्टरसाहेब, सारे म्हणते गोपाल कालव्याच्या रस्त्यानं काऊन गेला, कोणाले माहीत नाही. मले माहीत आहे. तो सरळ रस्त्यानंच आल्ता. पार मंडपापर्यंत. मले दारात उभं पाह्यलं अन् गाडी वळवली त्यानं. म्या पाह्यलं त्याले वळताना. मले वाटलं, काही आणाले विसरला असन.’

 टपरीवर रेडिओ चालू होता.

‘मले भेऊन गेला तो,’ तेजराव म्हणाले. ‘आता पोट्टे पितीन तर माह्या डोळ्यासमोर पितीन. पायी घरी जातीन. कोणाले गाडी वळवा लागणार नाही.’

तेव्हापासून त्यांच्या बिछायतीत परवान्याची कनात आली. मंडपाच्या मागच्या अंगाला कापडाचं वेगळं बंदिस्त आवार करायचं. त्याच्या खांबाला परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगायचा. माल सरकारमान्य दुकानातूनच आणायचा आणि त्याची पावती तिथेच लावायची. दाराशी एक घमेलं. आत येणाऱ्याने गाडीची किल्ली आधी त्या घमेल्यात टाकायची, ती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार. कायद्याने ज्याचं वय बसत नाही त्याला आत थंड पेय मिळायचं, किल्ली मात्र त्याचीही जमा. सकाळी चहाबरोबर एकेकाची किल्ली परत करताना तेजराव उपदेशाचा एक शब्द बोलत नसत.

अर्जावर सही मात्र कोणी करेना. लग्नपत्रिकेवर पणजोबांपासून चुलत आत्यापर्यंत सगळ्यांची नावं घालणारे यजमान या कागदावर नाव म्हटलं की घरात निघून जायचे. सोयरे काय म्हणतील, मुलीकडच्यांना कळलं तर. तेजरावांनी पहिल्यांदा थोडं समजावून पाहिलं, मग नाद सोडला आणि यजमानाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. जागेचं संमतीपत्र, पोलीस ठाण्याला कळवणं, चलन भरणं, सगळं तेच करायचे. ऑनलाइन अर्ज भरून देणारा गावातला पोरगा त्यांना बघितल्याबरोबर न विचारता पान उघडायचा.

पहिल्या हळदीला मात्र त्या कनातीत चिटपाखरू आलं नाही. सगळं मांडून तेजराव आत खुर्चीवर बसलेले आणि पोरं बाहेर घुटमळत. ज्याच्या नुसत्या नजरेने पोरं आजवर वाट बदलायची, त्याच्यासमोर ग्लास कसा उचलणार? मी बाहेर उभा होतो. पोरांची कुजबुज ऐकू येत होती की इथं नको, मळ्यातच जाऊ. एकाने तर गाडीला किकही मारली. तेजरावांनीही ती ऐकली असावी. ते उठले. मला वाटलं, आता बाहेर येऊन हात जोडतील. त्यांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि कनातीच्या कापडाकडे तोंड करून, सगळ्यांना पाठ देऊन बसले. दोन हात अंतरावर नुसतं निळं कापड, आणि हे त्याच्याकडे बघत बसलेले.

गाडी बंद झाली. मग एक किल्ली घमेल्यात पडल्याचा आवाज आला. मग दुसरी.

त्यानंतर प्रत्येक हळदीला तेजराव तसेच बसत. पाठीमागे हसणं, खिदळणं, कधी भांडणही. ते वळून बघत नसत. कोणी जास्त झालंय असं आवाजावरून वाटलं की न वळताच म्हणायचे, ‘त्याले आता भात द्या.’ त्यांच्या चेहऱ्याकडे मी एकदा बाजूने बघितलं. डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावेत. जो वास त्यांनी आयुष्यभर मंडपाबाहेर रोखला, त्या वासात ते तासन्‌तास बसून राहायचे.

गावाने याची किंमत त्यांच्याकडून वसूल केली. दारूवाले तेजराव हे नाव पडलं. भजनी मंडळात ते वर्षानुवर्षं पखवाज वाजवायचे. एका एकादशीला ते गेले तर पखवाजावर दुसरा माणूस बसलेला, आणि कोणी सरकून जागा दिली नाही. हरिनाम सप्ताहाचा मंडप मेहकरच्या बिछायतवाल्याकडून आला. त्या सप्ताहात रोज संध्याकाळी तेजराव देवळासमोरच्या हापशाच्या कठड्यावर बसून कीर्तन ऐकायचे. आत येऊ नका असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं आणि या असंही म्हटलं नव्हतं. माझा त्या वेळी फार संताप झाला होता. मी मंडळातल्या एका शहाण्याशी भांडलोसुद्धा. तेजरावांना कळलं तेव्हा ते माझ्यावरच रागावले.

एक बाई मात्र तोंडावर बोलली. तिच्या नवऱ्याने दारूपायी घर धुऊन काढलं होतं. ती भर दुपारी आवारात आली आणि म्हणाली, ‘भाऊ, तुमचं पोरगं गेलं म्हणून आमच्या पोरायले बाटली द्याले निघाले काय तुम्ही?’ तेजराव हात जोडून उभे राहिले. ती बोलत राहिली, रडली, निघून गेली. मी त्यांची बाजू घेऊन काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाले, तिचं खोटं नाही. त्यानंतर एक नवीन नियम झाला. ज्याची बायको किंवा आई नको म्हणेल, त्याला कनातीत प्रवेश नाही. त्यापायी काही बड्या माणसांची मोठीच गैरसोय झाली आणि त्यांनी तेजरावांना शिव्या घातल्या. असे ते दोन्हीकडून शिव्या खात होते.

अनसूयाकाकू या सगळ्यात काहीच बोलल्या नाहीत. मला वाटायचं, त्या नवऱ्यावर रुसल्यात. एकदा मी ताप येऊन पडलो होतो तेव्हा त्या कढी-भात घेऊन आल्या आणि दारातच बसल्या. उगीच इकडचं तिकडचं बोलल्या. मग एकदम म्हणाल्या, ‘मले माहीत होतं, तो घेते म्हणून. मीच बडीशेप द्याची त्याले, की बापाले वास नको येऊ.’ एवढं बोलून पदराने तोंड पुसलं आणि ताट घेऊन गेल्या. त्या घरातली दोन्ही माणसं एकाच गोष्टीने आतून जळत होती, आणि ती गोष्ट दोघांनीही एकमेकांना सांगितलेली नव्हती.

अशी काही वर्षं गेली. कनातीची गावाला सवय झाली. लग्न ठरवायला आलेले पाहुणे परवान्याचं हळूच विचारूनही घ्यायचे. आसपासच्या गावांत हळदीच्या दिवशी अपघाताचं काही ना काही ऐकू यायचं, आमच्या गावात तसं काही झालं नाही. तेजराव हे कधी बोलून दाखवत नसत. पण प्रत्येक लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, घमेलं रिकामं झालं की ते घरात जाऊन झोपायचे आणि संध्याकाळपर्यंत उठायचे नाहीत.

तेजराव आता नाहीत. माझी बदली झाल्यावर पुढच्या पावसाळ्यात ते गेले आणि मला फोन शुभमने केला. शुभम म्हणजे आमच्याच गल्लीतल्या उद्धवरावांचा धाकटा मुलगा, कनातीत नेमाने किल्ली टाकणाऱ्यांपैकी. त्याच्या मोठ्या भावाच्या हळदीच्या दिवशी तेजरावांना मी जसं पाहिलं, तसेच ते माझ्या डोळ्यासमोर राहिले आहेत. त्यानंतर चारआठ दिवसांतच मी गाव सोडलं.

त्या लग्नाची तारीख निवडणुकीच्या मतदानाला चिकटून आली. मतदानाच्या आधीचे दिवस कोरडे. दारूची दुकानं बंद, परवाने बंद. तेजराव तरी बुलढाण्याला गेले. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, पण आदेश म्हणजे आदेश. तेजराव त्यांना म्हणाले, ‘साहेब, परवाना नाही म्हणून पेणं थांबत नाही. लपून होते फक्त.’ साहेबांनाही ते कळत होतं. त्यांनी हात जोडले.

मग तेजरावांनी उद्धवरावांना हळद एक दिवस अलीकडे घेता येईल का विचारलं. ते शक्य नव्हतं. हळदीच्या सकाळी त्यांनी गल्लीतल्या पोरांना आवारात बोलावलं. एरवी गर्दीसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. कनातीचा दोर हातात घेऊन ते उगीच त्याला पीळ देत होते.

‘आज कनात नाही,’ ते म्हणाले. ‘मी पेऊ नका म्हणत नाही. तुम्ही ऐकणार नाही, मले माहीत आहे. पण कोणी प्यालं असन तर गाडीले हात लावू नका. मले फोन करा. कुठंबी असा, मी घ्याले येतो. काही बोलणार नाही. वास नाही घेणार.’

पोरं खाली बघत उभी होती. कोणी हो म्हटलं नाही. थोड्या वेळाने एकेक करून पांगली.

दुपारपासून तेजराव माझ्या ओट्यावर येऊन बसले. माझी गाडी त्यांनी आधीच सांगून ठेवली होती. डीजेच्या आवाजाने त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे फोनचा स्पीकर कायम चालू असायचा. फोन वाजला की ते दचकायचे. जनरेटरला डिझेल कमी पडलंय, पाण्याचे ड्रम आले नाहीत, असलेच फोन. ऊन उतरलं तशा गावाबाहेर गेलेल्या गाड्या परतू लागल्या. प्रत्येक गाडीच्या आवाजाबरोबर त्यांची मान वळायची, मोजल्यासारखी. मी त्यांना म्हटलं, काका, कोणीच प्यालं नसेल. ते म्हणाले, शुभम आला नाही अजून.

दिवे लागले. मंडपात बायकांची गाणी सुरू झाली. तेव्हा फोन वाजला.

‘काका, मी शुभम. मेहकरच्या पेट्रोल पंपापाशी हाय.’ आवाज जड होता, मध्येच थांबत होता. ‘मी पेलो काका. गाडी चालवता येऊन नाही राह्यली. तुम्ही सकाळी म्हटलं होतं म्हणून.’

तेजराव ओट्यावरून उठून चपला शोधू लागले.  मी गाडीची किल्ली घेतली.

‘तिथंच बस,’ ते म्हणाले. ‘येऊन राह्यलो मी. बस तिथंच.’

पंपाच्या कडेला हवा भरायच्या यंत्राजवळ शुभम जमिनीवर बसला होता. गाडी स्टँडवर लावलेली. आम्हाला बघून तो धडपडत उठला आणि आधी त्याने काय केलं, तर हाताने तोंड झाकलं. वडीलधाऱ्यापर्यंत वास जाऊ नये म्हणून. मान खाली, हात तोंडावर. तेजराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी तो हात धरला आणि खाली घेतला. मग त्या पोराचं डोकं स्वतःच्या खांद्यावर टेकवलं. पोरगा लहान मुलासारखा रडायला लागला, चुकलो काका, चुकलो म्हणायला लागला. तेजराव त्याच्या पाठीवरून हात फिरवत नुसतं ‘हाव, हाव’ म्हणत होते.

गाडीत मागच्या सीटवर ते त्याला धरून बसले. फाट्याच्या अलीकडे त्याला उलटी झाली. सगळी तेजरावांच्या धोतरावर आणि शर्टावर. मी गाडी थांबवली. आरशात बघितलं तर तेजरावांनी एका हाताने त्याचं कपाळ धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने धोतराच्या सोग्याने त्याचं तोंड पुसत होते. चेहऱ्यावर शिसारीचा लवलेश नव्हता. पुसता पुसता त्यांचे हात थांबले. ‘एक फोन कराचा होता डाक्टरसाहेब त्यानं,’ ते म्हणाले. ‘म्या कधी सांगतलंच नाही त्याले, की कर म्हणून.’ आणि मग ते रडले. गोपाल गेला त्या दिवशी नाही, स्मशानात नाही, चिखलीला नाही; त्या रात्री रडले, तोंड उघडून, आवाज काढून.  शुभम शुद्धीत नव्हताच.

घरी पोचलो तेव्हा त्यांनी उद्धवरावांना फोन लावला आणि सांगितलं की शुभम प्यालेला आहे, माझ्याजवळ आहे, सकाळी त्याला कोणी काही बोलायचं नाही. पलीकडून उद्धवराव काहीतरी तावातावाने बोलत होते. तेजरावांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं, कोणी काही बोलायचं नाही.

आम्ही दोघांनी मिळून शुभमला उचलून आत नेलं. अनसूयाकाकू दिवा लावून दारात उभ्या होत्या. त्यांनी पोराच्या तोंडाकडे बघितलं, नवऱ्याच्या भरलेल्या कपड्यांकडे बघितलं. वास सगळ्या घरात पसरला होता. मी काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेजराव त्यांच्याकडे वळले.

‘आला वं,’ ते म्हणाले. ‘घरी आला.’

काकूंनी हातातला दिवा खाली ठेवला. मग आत जाऊन त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि पोराच्या उशाशी, नवऱ्याच्या शेजारी, खाली जमिनीवर बसल्या.